डार्टमूरवर वाट काढताना

जंगलात माणूस वाट चुकतो यात कोणाला नवल वाटत नाही. पण जिथे झाड नाही, भिंत नाही, नजर पोहोचेल तिथवर नुसते गवत आहे, अशा उघड्या माळावर कोणी का चुकावे? इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे पठार आहे. तिथे पाय ठेवला की या प्रश्नाचे उत्तर मिळायला फार वेळ लागत नाही. आडोसा नाही म्हणजे अडथळा नाही, हे खरे. पण त्याचबरोबर खूणही नाही. एक टेकाड दुसऱ्यासारखे, एक ओढा दुसऱ्यासारखा. त्यात अटलांटिककडून ढग येऊन पठारावर टेकले की समोरचा सोबतीसुद्धा करड्या सावलीसारखा दिसू लागतो.

याच पठारावर वाटाड्या न घेता, खुणेच्या पाट्या नसताना, फक्त नकाशा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर दिवसभर किंवा दोन-दोन दिवस चालणे हा तिथला जुना नाद आहे. त्यात शाळकरी मुले असतात, निवृत्त आजी-आजोबा असतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे असतात. त्यांना ही विद्या कशी येते आणि ती नेमकी काय आहे, ते समजून घेण्यासारखे आहे.

पठाराचा स्वभाव

डार्टमूरला १९५१ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर आहे. हाय विलहेज हे सर्वांत उंच ठिकाण ६२१ मीटरवर, आणि शेजारचा यस टॉर ६१९ मीटरवर. हे आकडे ऐकून कळसूबाई चढलेला ट्रेकर हसेल. पण सह्याद्रीत कडा, सोंड, नाळ आणि खिंड माणसाला हाताला धरून नेतात. भलतीकडे जायचे म्हटले तरी कडा आडवा येतो. डार्टमूरवर अडवणारे कोणी नाही. चुकलेला माणूस तासभर चुकीच्या दिशेला सुखाने चालत राहू शकतो, आणि खरा धोका तोच आहे.

या भूमीच्या पोटात सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे. पृथ्वीच्या पोटात थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी मुरले, फेल्डस्पार कुजला, भोवतीचा भुसभुशीत भाग वाहून गेला, आणि टणक गाभा टेकड्यांच्या माथ्यावर उघडा पडला. एकावर एक शिळा रचून ठेवल्यासारखे दिसणारे हे सुळके म्हणजे टॉर. हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याने त्यांचे तुकडे होऊन उतारावर दगडांचा खच पडला. स्थानिक लोक त्याला क्लिटर म्हणतात. नकाशावर तो ठिपक्यांसारखा दिसतो; प्रत्यक्षात त्यातून अर्धा किलोमीटर जाताना घोट्यांची कसोटी लागते.

टॉर हीच इथली मुख्य खूण. प्रत्येकाचा आकार वेगळा, प्रत्येकाला नाव. उजेड असेल तर दोन टॉर ओळखून आपली जागा ठरवता येते. पण पठाराच्या उत्तर भागाच्या ऐन मध्यावर टॉरही नाहीत. तिथे काळ्या पीटचा जाड थर आहे. पावसाने आणि वाऱ्याने त्याला माणूस उतरेल एवढे खोल चर पडले आहेत. चरात उतरले की दिसते फक्त काळी भिंत, वर चढले की दिसतो पुढचा चर. क्रॅनमिअर पूल ही जागा याच भागात आहे. नावातल्या इंग्रजी 'पूल'चा अर्थ तळे असला तरी आज तिथे पाणी साचत नाही. पीटमधला एक खोलगट खड्डा तेवढा उरला आहे. डार्ट, टॉ, टॅव्ही, टेन, ओकमेंट या नद्या त्याच उंचवट्याच्या आसपास उगम पावतात. चार पावले इकडची तिकडे झाली, तर ओढ्याच्या काठाने चालणारा माणूस पठाराच्या भलत्याच बाजूला उतरतो.

जुन्या खुणा

नकाशे नव्हते तेव्हाही लोक हे पठार ओलांडत होते. १२४० साली राजा तिसरा हेन्री याच्या हुकमावरून बारा सरदारांनी राजाच्या वनाची हद्द चालून कायम केली. नद्यांचे संगम, टॉर, दगडी क्रूस अशा खुणा त्यांनी एकामागून एक नोंदवल्या. दक्षिण भागात आजही उभा असलेला सीवर्डचा क्रूस त्या नोंदीत आहे. बकफास्ट आणि टॅव्हिस्टॉक इथल्या मठांमधून जा-ये करणाऱ्यांसाठीही वाटेवर असे क्रूस उभे होते. धर्मचिन्ह आणि मैलाचा दगड अशी दोन्ही कामे ते करत.

पूर्वेकडच्या वस्त्यांना मृताचे दफन करायचे तर पठार ओलांडून पश्चिमेच्या लिडफर्डच्या चर्चपर्यंत जावे लागे. ती वाट लिच वे या नावाने आजही नकाशावर आहे. १२६० साली बिशपने या वस्त्यांना जवळच्या विडकमला जाण्याची परवानगी दिली, तेव्हा ही पायपीट थांबली. पुढे फ्रँक फिलपॉट्स नावाच्या गृहस्थाने पीटच्या सर्वांत अवघड पट्ट्यांमधून घोडे आणि गुरे जातील अशा वाटा खणून घेतल्या. १९०९ साली तो वारल्यावर त्या वाटांच्या टोकांना दगडी खांब उभारले गेले. धुक्यात असा खांब हाताला लागला की चालणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

तरीही माणसे चुकत, आणि त्याचा दोष पिक्सी नावाच्या खोडकर वनदेवतांवर जाई. पिक्सींनी फिरवले की कोट उलटा करून घालायचा, म्हणजे वाट सापडते, असा डेव्हनमधला समज. आपल्याकडे ज्याला चकवा लागणे म्हणतात, तोच हा अनुभव. निघालो तिथेच परत आलो, हे दोन्हीकडचे सूत्र.

या अनुभवात तथ्य आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतील यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात त्यांनी लोकांना सरळ रेषेत चालायला सांगितले आणि त्यांचा माग जीपीएसने नोंदवला. सूर्य दिसत असताना लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आले तेव्हा ते वर्तुळात फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळे वीस मीटरपेक्षाही लहान भरली. एक पाय आखूड असल्याने असे होते हा जुना तर्क टिकला नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. 'सरळ म्हणजे कुठे' ही मेंदूतली जाणीव पावलागणिक किंचित सरकते आणि तिला ताळ्यावर आणणारी बाहेरची खूण नसली की ती चूक साठत जाते. डार्टमूरच्या धुक्यात नेमकी हीच परिस्थिती असते.

बाटलीपासून डब्यापर्यंत

१८५४ साली चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने क्रॅनमिअर पूलला एक बाटली ठेवली. इतक्या आडजागी पोहोचलेल्यांनी आपले नाव-पत्त्याचे कार्ड त्यात टाकावे, ही त्याची कल्पना. पुढे बाटलीच्या जागी पेटी आली. लोक स्वतःच्याच पत्त्याचे पोस्टकार्ड त्यात सोडत; पुढचा येणारा ते घेऊन जाई आणि पोस्टात टाकी. कार्ड किती दिवसांनी घरी येते यावर तिथली वर्दळ कळे. १८९४ साली बेलस्टन टॉरवर दुसरी पेटी आली. १९३८ साली डक्स पूल इथे विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मृतिफलकासोबत आणखी एक आली. १९०९ साली निघालेला त्यांचा डार्टमूरचा मार्गदर्शक ग्रंथ अभ्यासक अजून चाळतात.

आज असे हजारो डबे पठारावर खडकांच्या फटीत, गवताच्या गड्ड्याखाली दडवलेले आहेत. डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही. सापडलेल्या डब्याचा शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तसाच झाकून ठेवायचा. शंभर डबे शोधले की 'हंड्रेड क्लब'चे सभासद होता येते. डबा प्राचीन अवशेषात किंवा दगडी कुंपणात ठेवायचा नाही, तो बसवण्यासाठी सिमेंट वापरायचे नाही, असे संकेत आहेत. २००० साली उपग्रहांच्या मदतीने डबे शोधण्याचा जीओकॅशिंग नावाचा जागतिक खेळ सुरू झाला, त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीपासून डार्टमूरवर हे चालू होते.

शोधण्याची रीत पाहिली तर हा खेळ म्हणजे दिशाज्ञानाची शिकवणीच आहे. सूचना साधारण अशी असते: अमक्या टॉरचा माथा ३१२ अंशांवर, तमक्या टेकडीवरचा झेंड्याचा खांब ४७ अंशांवर, मोठ्या शिळेपासून नऊ पावले. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, असे घड्याळाच्या दिशेने हे अंश मोजतात. पृथ्वीवर अशी एकच जागा असते जिथून दोन्ही खुणा सांगितलेल्या अंशांवर दिसतात. होकायंत्र डोळ्यासमोर धरून पहिला कोन जुळवायचा आणि त्या रेषेवर पुढे-मागे सरकत दुसरा जुळेपर्यंत चालायचे. दोन खुणा एकमेकींशी काटकोनाच्या आसपास असतील तर जागा नेमकी सापडते. त्या जवळजवळ एकाच दिशेला असतील तर अंशभराची चूकही शोधणाऱ्याला कुठल्या कुठे नेते.

दहा टॉर, दोन दिवस

याच पठारावर १९६० साली सुरू झालेला टेन टॉर्स हा उपक्रम मे महिन्यात भरतो. ब्रिटिश सैन्य त्याचे आयोजन करते. पहिल्या वर्षी सुमारे दोनशे मुले होती. आता सहा-सहा जणांच्या सुमारे चारशे तुकड्या, म्हणजे २,४०० मुले-मुली उतरतात. वय १४ ते १९. वयानुसार ३५, ४५ किंवा ५५ मैल, म्हणजे साधारण ५६, ७२ किंवा ८८ किलोमीटर अंतर दोन दिवसांत कापायचे आणि वाटेत नेमून दिलेल्या दहा टॉरवर हजेरी लावायची. तंबू, अन्न, चूल सगळे पाठीवर. सोबत मोठे माणूस नाही. मार्ग शोधायला जीपीएस नाही. रात्री मुक्काम पठारावरच.

इथे पहिला क्रमांक काढत नाहीत. सहाही जण ठरल्या वेळेत परत आले की झाले. तयारी मात्र हिवाळ्यापासून चालते, कारण डार्टमूरचे हवामान कोणाची भीड ठेवत नाही. प्रिन्सटाउन परिसरात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वर्षभर विखुरलेला असतो. २००७ च्या मार्चमध्ये सरावादरम्यान फुगलेला ओढा ओलांडताना एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात मुसळधार पावसाने नद्या चढल्या आणि मुख्य उपक्रम अर्ध्यावर थांबवावा लागला. नकाशावरची निळी बारीक रेघ पावसानंतर तशी राहत नाही, हा धडा तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्यांदा येतो.

दीड किलोमीटरची परीक्षा

आता प्रत्यक्ष एक टप्पा घेऊ. हँगिंगस्टोन हिल ही ६०३ मीटर उंचीची टेकडी. तिच्या माथ्यावर सैन्याची छोटी निरीक्षण-चौकी आहे, त्यामुळे जागेबद्दल शंका नाही. तिथून पीटच्या चरांमधून क्रॅनमिअर पूल गाठायचे आहे. धुके आहे, तीस मीटरपलीकडे दिसत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा उघडला की त्यावर एक-एक किलोमीटरच्या चौकटी आखलेल्या दिसतात. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. टेकडीचा संदर्भ अंक ६१७ ८६१, पूलचा ६०३ ८५८. म्हणजे पश्चिमेला १.४ किलोमीटर आणि दक्षिणेला ३०० मीटर. सरळ अंतर सुमारे १,४३० मीटर, दिशा २५८ अंश. पारदर्शक पट्टीच्या होकायंत्राची कड या दोन ठिकाणांना जोडून ठेवायची, फिरती तबकडी नकाशाच्या उभ्या रेघांशी समांतर करायची, की हाच आकडा तबकडीवर वाचता येतो. मग होकायंत्र छातीसमोर आडवे धरून, लाल सुई तबकडीवरच्या बाणावर येईपर्यंत स्वतः वळायचे.

चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत फरक असतो. पाच-सहा दशकांपूर्वी इथे त्यासाठी सात-आठ अंश मिळवावे लागत. पृथ्वीचे चुंबकत्व सरकत असल्यामुळे तो फरक आता फारच थोडा उरला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तर शेजारच्या डॉर्सेट परगण्यात लँग्टन मॅट्रॅव्हर्स गावाजवळ खरी उत्तर, नकाशाची उत्तर आणि चुंबकीय उत्तर एकाच रेषेत आल्या. आजच्या चालणाऱ्याला जास्त सांभाळावे लागते ते खिशातल्या फोनला. फोनच्या पाकिटातल्या लोहचुंबकाशेजारी होकायंत्र राहिले तर सुईचे ध्रुव उलटे होऊन बसतात आणि ती बिनदिक्कत दक्षिणेला उत्तर म्हणते.

सुईकडे बघत चालायचे नाही. दिशेवरचा एखादा गवताचा गड्डा किंवा दगड हेरायचा, तिथे जायचे, पुन्हा पुढचा हेरायचा. धुके दाट असेल तर सोबत्याला दिसेनासा होण्याच्या बेतापर्यंत पुढे पाठवायचे, हाक मारून डावी-उजवीकडे सरकवून रेषेवर आणायचे आणि मग त्याच्यापर्यंत जायचे. अंतरासाठी पावले मोजायची. बहुतेक प्रौढांची सपाटीवर शंभर मीटरला साठ-पासष्ट दुहेरी पावले पडतात. पीटमध्ये आणि गवताच्या गड्ड्यांत ती बरीच वाढतात. वेळेचा आडाखा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली घालून दिला. आजच्या मापात तो ताशी पाच किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाईला दहा मिनिटे जास्त, असा धरतात. या हिशेबाने आपला टप्पा सतरा मिनिटांचा. पण चरांत चढ-उतर करत जायचे असल्याने जाणता माणूस अर्धा तास धरतो.

इतके करूनही हाताने धरलेल्या होकायंत्रात पाच अंशांची चूक सहज होते. एका किलोमीटरमागे ती ८७ मीटर पडते. आपल्या टप्प्याच्या शेवटी सव्वाशे मीटर. तीस मीटर दिसत असताना म्हणजे पूल चुकलेच. आणि चुकल्यावर डावीकडे शोधायचे की उजवीकडे, हेही कळत नाही.

यावर उपाय आहे तो मोठा गमतीचा आहे. जाणूनबुजून चुकायचे. पूलपासून वेस्ट ओकमेंटचा ओढा वायव्येला उतरतो. २५८ ऐवजी आठ-दहा अंश उत्तरेकडे कलून चाललो, तर पूल नक्की सापडणार नाही, पण ओढा आडवा येईल. मग शंका उरत नाही: पूल डावीकडे, प्रवाहाच्या उलट्या दिशेला. बिंदू शोधण्यापेक्षा रेषा शोधणे सोपे, हे यातले तत्त्व. त्याचबरोबर पूल मागे पडल्याचे सांगणारी एखादी खूण आधीच ठरवून ठेवायची: जमीन बराच वेळ सतत उतरू लागली, किंवा चाळीस मिनिटे होऊन गेली, की थांबायचे. मुरलेले चालणारे नकाशावर अंगठा ठेवून चालतात आणि पुढे काय दिसायला हवे हे आधी बोलून दाखवतात. ते दिसले नाही तर जमिनीशी वाद घालत नाहीत. 'नकाशावरचा ओढा बहुधा आटला असेल' असे मन सांगू लागले की आपण चुकलो आहोत, असे खुशाल समजावे.

जमीन वाचणे

होकायंत्र दिशा सांगते, पाय कुठे ठेवायचा ते सांगत नाही. ते झाडोरा सांगतो. नेच्याचे रान आणि पिवळ्या फुलांचे काटेरी गॉर्स असेल तिथे पाण्याचा निचरा चांगला असतो. हेदरची झुडपे बहुधा चालण्याजोगी. लव्हाळा दिसला की जमीन ओली. गवतावर कापसासारखे पांढरे झुपके वाऱ्यावर हलत असतील तर खाली पीट आणि पाणी. सपाट, चकचकीत पोपटी शेवाळाची गादी दिसली तर तिला वळसा घालायचा. ती पाण्यावर तरंगत असते आणि पाऊल टाकले की भोवतालची जमीन हलते. दक्षिणेची फॉक्स टॉर दलदल अशीच कुप्रसिद्ध. शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिल कादंबरीतली दलदल कॉनन डॉइलने तिच्यावरून घेतली असे मानतात. कादंबरीत ती घोडा गिळते. प्रत्यक्षात माणूस कमरेपर्यंत रुततो, थंडीने गारठतो आणि दमतो, तेवढेही जिवावर बेतायला पुरते.

जाण्याआधी

१९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने या पठारावरच्या सामायिक जमिनींवर पायी आणि घोड्यावरून फिरण्याचा हक्क सर्वांना दिला. त्यात रात्री तंबू ठोकण्याचा हक्क येतो की नाही यावर खटला चालला, आणि २१ मे २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो येतो असा निकाल दिला. मुक्काम कुठे चालतो याचा नकाशा उद्यान प्राधिकरणाने दिला आहे. तो आधी पाहावा. उत्तर भागात ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी हे सैन्याचे तीन गोळीबार-पट्टे आहेत. सराव असेल त्या दिवशी टेकड्यांवर लाल झेंडे आणि रात्री लाल दिवे लागतात; वेळापत्रक आधी जाहीर होते. आपला हँगिंगस्टोन ते क्रॅनमिअर टप्पाही याच भागात आहे. वाटेत धातूचा अनोळखी तुकडा दिसला तर हात लावू नये.

एक्सेटरहून ओकहॅम्प्टनला जाणारी रेल्वे २०२१ च्या नोव्हेंबरपासून नियमित सुरू झाली आहे, त्यामुळे शिक्षणा-नोकरीसाठी ब्रिटनमध्ये असलेल्या कोणालाही गाडीशिवाय पठाराच्या पायथ्याशी पोहोचता येते. पहिल्यांदा जाल तेव्हा उजेडाचा, कोरडा दिवस निवडा आणि सगळे दिसत असतानाही नकाशा-होकायंत्र वापरा, कारण धुक्यात लागणारी सवय धुक्यात लागत नाही. कुठून निघणार, कुठे उतरणार, किती वाजता, हे मागे कोणाला तरी सांगून जा. शिटी जवळ ठेवा. मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबणे ही मदतीची खूण. फोन लागला तर ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे. वाटेबद्दल शंका आली तर पुढे रेटू नका. शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथे परत जा. डार्टमूर जाणणारी माणसे कधीच चुकत नाहीत असे नाही. ती चूक लवकर ओळखतात आणि परत फिरायला लाजत नाहीत.